विठाबाई व्यायामशाळेतला साखरपुडा

तपासणीची गाडी तावडे हॉटेलच्या चौकातून उचगावकडे वळली, असा फोन आला तेव्हा हंबीरराव माईकवर होते. माईकवर असताना त्यांच्या हातात फोन द्यायची घरात कुणाची छाती नव्हती, म्हणून तो नेहमीसारखा धाकट्या भावाकडे, गणपतरावांकडे होता. गणपतरावांनी फोन कानाला लावला, ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला. बायकांच्या रांगेत बसलेल्या संयोगितानं नवऱ्याचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला एवढं कळत होतं, की हा चेहरा जिलबी कमी पडल्याचा नाही.

"शाहूवाडीचं पावणं म्हंजे डोंगरातलं वाघ," हंबीरराव सांगत होते, "आणि आमची अनुजा म्हंजे..."

"आबा," गणपतराव स्टेजच्या पायरीवर चढून म्हणाले.

"...आमची अनुजा म्हंजे गरीब गाय..."

"आबा, तपासणी आली."

माईक चांगला होता. ‘तपासणी आली’ हे शब्द साऱ्या हॉलभर घुमले आणि शाहूवाडीच्या पाव्हण्यांच्या हातातले चहाचे कप जागच्या जागी थांबले. नवऱ्या मुलाचे वडील सयाजीराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "कसली तपासणी म्हणायची, पावणं? पोरीची का आमची?"

हंबीररावांचा चेहरा क्षणभर उतरला, पण क्षणभरच. तीस वर्षं गावकी, भावकी आणि सोसायटीच्या निवडणुका केलेला माणूस. "तसलं काय न्हाय, पावणं. क्रीडा खात्याच्या मॅडम येत्यात. पोरीला आशीर्वाद द्यायला. आमची वळख लई वरपतोर हाय." मग माईक बाजूला धरून ते भावावर खेकसले, "बघत काय हुबा ऱ्हायलास? फलक फिरव जा!"

फलक फिरवणं हे मोरबाळ्यांच्या घरात नवं नव्हतं. दारावर दोन हुकांना टांगलेल्या त्या पत्र्याच्या एका बाजूला ‘विठाबाई मंगल कार्यालय’ असं लिहिलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला ‘कै. विठाबाई मोरबाळे बहुउद्देशीय व्यायामशाळा’. विठाबाई म्हणजे हंबीररावांच्या आई. त्या बाईनं जन्मभर शेणी थापल्या, ऊस भांगलला आणि व्यायाम हा शब्द मरेपर्यंत तोंडातून काढला नाही. पण सरकारनं गावोगावच्या तालीम मंडळांना व्यायामशाळा बांधायला अनुदान द्यायचं ठरवलं आणि हंबीररावांना आपल्या आईच्या अंगातली खेळाडूवृत्ती एकाएकी आठवली. मंडळ निघालं, अध्यक्ष हंबीरराव झाले. इमारत उठली. तिला जोते-फरशी, पंखे, मागं स्वयंपाकाला ऐसपैस ओटा, वधूसाठी आरसेवाली खोली असं सगळं झालं. व्यायामशाळेला वधूची खोली कशाला, असं विचारायला कुणी आलं नाही. साहित्य मात्र सरकारनं चांगलं दिलं होतं. पळायच्या यंत्रावर आचाऱ्याची ओली फडकी वाळत. रबरी मॅट भटारखान्यात पातेल्यांखाली घातल्या होत्या. त्यामुळे फरशीला चरे पडत नाहीत असं हंबीरराव कौतुकानं सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

या साऱ्या इमारतीत व्यायाम करणारं माणूस एकच होतं. संयोगिताची लेक अनुजा. वेटलिफ्टिंगचं वेड तिला कॉलेजात लागलं. घराच्या नावानं सरकारनं आख्खी व्यायामशाळा बांधून दिली असताना तिला बाहेर जायची गरज नव्हती. फक्त हॉल रिकामा असायला पाहिजे होता. इतर पोरींचा सराव प्रशिक्षकाच्या हाताखाली होतो, अनुजाचा पंचांगाच्या हाताखाली झाला. लग्नसराई आली की तिचं वजन उचलणं बंद. मुहूर्त संपले, चातुर्मास लागला की पोरगी पहाटेपासून हॉलमध्ये घाम गाळायची आणि तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा दार बंद. राज्य स्पर्धा दैवानं श्रावणात आली म्हणून तिला पदक मिळालं, असं संयोगिताचं ठाम मत होतं. पदक मिळाल्यावर उचगावच्या कमानीवर फ्लेक्स लागला. त्यावर हंबीररावांचा लेक राजवीर गॉगल लावून उभा होता, वरती हंबीरराव हात जोडून होते, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी अनुजा.

इथवरचंही संयोगितानं गिळलं असतं. पण गेल्या महिन्यात खात्यानं कळवलं, की प्रत्येक मंडळानं आपल्या एका खेळाडूची शिफारस करावी. त्याला सरकारी निवासी केंद्रात दोन वर्षं ठेवून घेऊ, खाणं-पिणं, प्रशिक्षक, सगळं सरकारचं. अनुजानं ते मोबाईलवर आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मंडळानं शिफारस केली. राजवीरची.

"खेळ पोरीच्या अंगात असंल, न्हाय कोण म्हणतंय?" हंबीररावांनी जेवताना समजावलं होतं. "पण केंद्रातनं बाहेर पडलं की सरकारी भरतीत खेळाडूची जागा मिळती. ती नोकरी पोरीच्या हातात गेली तर उद्या दुसऱ्याच्या घरात जाणार. राजवीरला लागली तर घरात ऱ्हाती. मी आपल्या सगळ्यांचाच इचार केलाय की."

"व्हय," गणपतराव म्हणाले होते. थोरल्या भावापुढं हा एकच शब्द ते जन्मभर पुरवून पुरवून वापरत आले होते.

आणि संयोगिता? ती भाकरी थापत राहिली. त्याच आठवड्यात हंबीररावांनी शाहूवाडीचं स्थळ आणलं. पोरगा राजवर्धन कागलच्या एमआयडीसीत पर्मनंट, घरी भातशेती, माणसं जोरदार. अट एकच, सूनबाईंनी असली वजनं-बिजनं उचलायची नाहीत. "तिनं कवाच सोडलंय," असं हंबीररावांनी परस्पर सांगूनही टाकलं होतं. संयोगितानं मनाशी म्हटलं, निदान घर चांगलं मिळतंय. पण त्या दिवसापासून लेकीच्या डोळ्यांत बघायचं तिनं टाळलं होतं, आणि त्याची टोचणी तिला घासाघासाला लागत होती.

आता पुढच्या मिनिटभरात जे झालं ते मंगल कार्यालयाच्या व्यवहारात मुरलेली माणसंच करू शकतात. फलक फिरला. पळायचं यंत्र फडक्यांसकट हॉलच्या कोपऱ्यात आलं. सनईची टेप बंद झाली आणि ‘गर्जा महाराष्ट्र’च्या चालीवरचं मंडळाचं गाणं लागलं. राजवीर जोधपुरी कोट उतरवून वधूच्या खोलीतून ट्रॅकसूट घालून बाहेर आला. डोक्यावरचा फेटा काढायचं मात्र राहून गेलं. हंबीररावांनी पाव्हण्यांतल्या तिघा-चौघा दांडग्या माणसांच्या हातात डंबेल्स दिले. "जरा धरा, पावणं. मॅडमांस्नी बरं वाटंल."

"धरतो की," सयाजीरावांचे मेहुणे म्हणाले. त्यांनी एका हातात डंबेल आणि दुसऱ्या हातात चहा असा तोल सांभाळला. त्यांना मान मिळाल्यासारखं वाटलं. ते पाहून ज्यांना डंबेल मिळाला नाही ते रुसले, आणि त्यांच्यासाठी एक उड्या मारायची दोरी शोधून आणावी लागली.

क्रीडा खात्याच्या स्वप्नाली मॅडम आत आल्या तेव्हा पहिल्यांदा सुवासिनींनी ओवाळलं. त्यांना काही कळायच्या आत एकानं फेटा गुंडाळायला घेतला. वयानं तिशीच्या आतबाहेर, पाठीला सॅक, हातात टॅब, चेहऱ्यावर आज अजून तीन गावं करायची आहेत असा भाव.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"सराव," हंबीरराव म्हणाले.

मॅडमनी स्टेजवरची फुलांची कमान पाहिली, त्यावर थर्माकोलनं लिहिलेली ‘अनुजा – राजवर्धन’ ही अक्षरं पाहिली, खाली पाटावर हिरव्या साडीत, नथ घालून, मेंदीचे हात मांडीवर ठेवून बसलेली अनुजा पाहिली, आणि डंबेल घेऊन उभे असलेले फेटेवाले पाहिले.

"हे खेळाडू?"

"व्हय. जड गटातलं हायत."

"हा साखरपुडा आहे."

"तसं म्हटलं तर हाय, मॅडम," हंबीररावांनी सुस्कारा सोडला. "बहुउद्देशीय हाय न्हवं का इमारत? अर्जातच लिवलंय."

मॅडमनी डोक्यावरचा अर्धा फेटा काढून हातात दिला. "हे बघा, मला साखरपुड्याशी देणंघेणं नाही. अ‍ॅपमध्ये साखरपुड्याचा रकाना नाही. मला तीन गोष्टी लागतात. इमारत, साहित्य, आणि शिफारस केलेला खेळाडू वजन उचलतोय असा व्हिडिओ. तो जागेवरूनच घ्यावा लागतो, नाहीतर अ‍ॅप पुढं सरकत नाही. इमारत दिसली. राजवीर हंबीरराव मोरबाळे कोण?"

राजवीर पुढं आला. त्यानं छाती फुगवली. फ्लेक्सवर उभं राहायचं असतं तसाच तो उभा राहिला.

"उचला."

"काय उचलू?"

"बार. बार कुठे आहे?"

सगळ्यांच्या माना हळूहळू वर गेल्या. डेकोरेशनवाल्यानं लोखंडी पाइपांचे पैसे वाचवायला व्यायामशाळेचाच बार आडवा घालून त्याला फुलांचा पडदा लटकवला होता. कमानीच्या दोन्ही पायांवर, पडू नये म्हणून, वजनांच्या लाल-निळ्या तबकड्या रचल्या होत्या. सरकारी अनुदानावरच आज मोरबाळ्यांच्या लेकीचा साखरपुडा उभा होता.

"तो काढला तर स्टेज पडतंय, मॅडम," हंबीरराव म्हणाले. "उद्या या की. उद्या मुहूर्त न्हाय, हॉल मोकळा हाय."

"उद्या मी चंदगडला. आज व्हिडिओ झाला नाही तर शिफारस रद्द होते. आणि साहित्य वापरात नाही असं लिहिलं तर इमारतीचंही बघावं लागेल."

‘इमारतीचं बघावं लागेल’ हे मात्र हंबीररावांना बरोबर लागलं. लग्नाच्या सगळ्या तारखा बुक होत्या. त्यांनी लेकाकडं बघितलं. राजवीरनं बापाकडं बघितलं आणि हात कमरेवर गेला.

"आबा, सकाळपासनं कंबर जरा..."

"उचल!" हंबीरराव ओरडले. "घराण्याची अब्रू हाय. आई विठाबाईचं नाव घे आणि उचल!"

"त्याला लावू नका!"

हे ओरडणं मागून, स्वयंपाकाच्या दारातून आलं. चिमणाबाई, हंबीररावांची बायको, हातातला डाव तसाच घेऊन बायकांच्या रांगा ओलांडत पुढं आली. तिचा श्वास फुलला होता. "मॅडम, माझ्या पोराला लावू नका. त्याला भरल्याली घागर उचलत न्हाय. गॅसची टाकी बदलायची म्हटली तर शेजारच्याला हाळी मारतोय. काय कमरंत भरलं तर जन्माचं वाटोळं हुईल त्याचं!"

"अगं, गप की!" हंबीरराव हात जोडायचे तेवढे बाकी राहिले.

"गप कशापायी? पोरगं माझं हाय. तुमच्या अनुदानापायी मी त्याची कंबर मोडून घिऊ?"

हॉलमध्ये हसू पिकलं. राजवीरचा चेहरा फेट्यासारखा लालबुंद झाला. आणि त्या हशातच संयोगिताला एकदम जाणवलं, की तिची थोरली जाऊ, जिच्यापुढं ती बावीस वर्षं पदर सावरून उभी राहिली, ती आपल्या पोरासाठी साऱ्या गावासमोर बोलून गेली. चांगलं की वाईट, खरं की लाजिरवाणं, याचा तिनं विचारच केला नाही. आणि आपण मात्र भाकऱ्या थापत बसलो. लाज कुणाला वाटायला पाहिजे, चिमणाबाईला की आपल्याला?

ती उठली.

"मॅडम," ती म्हणाली. हशात ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणाली, "मॅडम, ह्या घरातला खेळाडू राजवीर न्हाय. तो तिथं पाटावर बसलाय. माझी लेक. राज्याचं पदक तिचं हाय. इथं वजन उचलणारं एकटं तेच हाय."

"संयोगिता!" हंबीरराव म्हणाले. या घरात तिचं नाव एवढ्या मोठ्यानं त्यांनी पहिल्यांदा घेतलं असावं.

"व्हय आबा. मीच बोलतीया."

मग सयाजीराव उठले. एवढा वेळ त्यांना नक्की कुणाचा अपमान होतोय ते ठरत नव्हतं, आता ठरलं. "थांबा, थांबा. आमास्नी तर सांगितलं पोरीनं सोडलंय म्हणून! कवाच सोडलंय म्हणून!"

"सोडलंयच की पावणं," हंबीरराव तिकडं वळले.

"मग ह्या बाई काय म्हणत्यात?"

"म्हंजे उचलती, पण..." हंबीरराव मॅडमकडं वळले. "म्हंजे उचलत न्हाय..." ते पुन्हा सयाजीरावांकडं वळले. सरकारपुढं एक आणि पाव्हण्यांपुढं दुसरं, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या दिवशी अगदी मनापासून सांगितल्या होत्या. त्या दोन्ही एकाच वेळी, एकाच हॉलमध्ये येतील याची कल्पना त्यांना कुणी दिली नव्हती.

"उचलते की नाही?" मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"ही नाजूक पोरगी?" सयाजीरावांचे मेहुणे डंबेल खाली ठेवत हसले. "ही बार उचलणार? काय चेष्टा लावलीया?"

आता एक गोष्ट कोल्हापूरच्या माणसाबद्दल सांगायलाच पाहिजे. मान-अपमान, रुसवेफुगवे सगळं खरं. पण कुणी ताकदीचं काम करतो म्हणाला आणि दुसरा होत नाही म्हणाला, की ते बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. शाहूवाडीचे पाव्हणे स्वतःच खुर्च्या मागं सारायला लागले. "काढा रं तो बार! बघू तरी!" कुणीतरी स्टेजवर चढलं. डेकोरेशनवाला "अहो, अहो" करत धावला. दोर सुटला, झेंडूच्या माळा सरकल्या आणि कमान कलली. ‘अनुजा – राजवर्धन’ ही सगळी अक्षरं एकामागून एक हंबीररावांच्या पायाशी येऊन पडली. धुरळा खाली बसला तेव्हा बार फरशीवर होता आणि त्याला दोन्ही बाजूंनी तबकड्या चढत होत्या.

अनुजा पाटावरून उठली. गर्दी बाजूला झाली. ती सरळ आईसमोर आली.

"आई, काष्टा घाल."

संयोगिता खाली बसली. लेकीची साखरपुड्याची साडी तिनं गुडघ्यापर्यंत वर घेतली, निऱ्या मागं ओढून घट्ट खोचल्या. महिनाभर जिच्या डोळ्यांत बघता आलं नाही तिच्याकडं मान वर करून तिनं पाहिलं. अनुजा रागावलेली नव्हती. ती बारकडं बघत होती.

"महिना झाला हात लावलेला न्हाय गं," अनुजा हळूच म्हणाली.

"असू दे," संयोगिता म्हणाली. "तुझं तुला ठावं." आणि तिनं लेकीची नथ काढून स्वतःच्या मुठीत धरली.

पहिल्या वेळी बार छातीपर्यंत आला आणि तिथून निसटून दाणकन खाली आपटला. रबरी मॅट भटारखान्यात असल्यामुळे फरशीला तडा गेला. हंबीररावांच्या तोंडून "अयाया" असा शब्द निघाला, तो फरशीसाठी होता. सयाजीरावांच्या मेहुण्यांनी "तरी म्हटलं" असं म्हणून घेतलं. राजवीर मोबाईल धरून होता, तो हसला. संयोगिताला वाटलं, आपणच पोरीला साऱ्यांपुढं उभं करून तिचं हसं केलं.

अनुजानं मेंदीचे हात पदराला पुसले. श्वास घेतला. वाकली. बार जमिनीवरून सुटला, गुडघ्यांवरून वर आला, ती त्याच्याखाली शिरली, उभी राहिली. गळ्याशी शिरा तट्ट फुगल्या. मग एक झटका, पाय पुढं-मागं, हात ताठ. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या आणि तिथं थांबल्या. डोक्यावर ते सगळं लोखंड घेऊन ती हिरव्या साडीतली पोरगी जागच्या जागी उभी होती. कुणाचा कप वाजला नाही.

मॅडमच्या टॅबनं टुण्ण आवाज केला. "झालं," त्या म्हणाल्या.

बार खाली आला आणि हॉल फुटला. टाळ्या, शिट्ट्या, "नाद खुळा!" अशी आरोळी. सयाजीरावांचा फेटा हवेत उडाला. "बघितलं का? आमची सून हाय ही! आमची!" ते छाती ठोकून मेहुण्याला सांगत होते, एवढ्यात त्यांना आपली अट आठवली आणि ते मध्येच थांबले. हंबीरराव केव्हाच माईकपाशी पोचले होते. "बंधू-भगिनींनो, ही पोरगी ह्या मंडळानं घडवली! ह्या व्यायामशाळेनं घडवली! रात्रीचा दिवस करून आम्ही..."

"अध्यक्ष," मॅडमनी त्यांना थांबवलं. "शिफारस राजवीरच्या नावावर आहे. व्हिडिओ हिचा आहे. नाव बदलायचं का? बदललं तर हिची जागा आत्ताच पक्की, उद्या हजर व्हायचं. तुमच्या नंबरवर ओटीपी गेलाय. सांगा."

हंबीररावांचं भाषण विरलं. सोयरीक, पाव्हणे, भरतीतली राजवीरची जागा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं असावं. "बघू की," ते म्हणाले. "असं घाईत कसं? कार्यकारिणीची बैठक लावतो. ठराव करतो. पुढच्या आठवड्यात कळवतो."

"ओटीपीची मुदत थोडी असते."

"मग परत पाठवा की पुढच्या आठवड्यात."

संयोगिताला पुढचं सगळं दिसलं. बैठक होणार, ठराव होणार, व्हय म्हणणारे व्हय म्हणणार. लेकीनं डोक्यावर धरलेलं सगळं असंच हळूहळू, गोड बोलत खाली आणलं जाणार. ती पुढं व्हायला निघाली, पण तिला काय करावं सुचेना. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला. घसा खाकरलेला, भीत भीत काढलेला.

गणपतराव भावाचा फोन डोळ्यांपासून लांब धरून आकडे वाचत होते.

एक एक आकडा, चुकू नये म्हणून थांबत थांबत, मोठ्यानं. शाळेत पाढे म्हणावेत तसे. मॅडमची बोटं टॅबवर चालली. शेवटचा आकडा झाला तेव्हा टॅब पुन्हा वाजला.

"गण्या!" हंबीरराव म्हणाले.

गणपतरावांचा चेहरा घामानं डबडबला होता. त्यांनी भावाकडं पाहिलं नाही. त्यांनी बायकोकडं पाहिलं, आणि संयोगिताला तिथं, साऱ्या पाव्हण्यांच्या देखत, त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. पण वाटलं एवढं मात्र खरं.

मॅडम निघाल्या. जेवायचा आग्रह झाला. नियमात बसत नाही म्हणून त्यांनी नुसतं पाणी घेतलं. इमारतीचं काय लिहिलं असं हंबीररावांनी गाडीपर्यंत जाऊन तीनदा विचारलं. "साहित्य वापरात आहे, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी सहाला खेळाडूंचे फोटो टाकायचे. नाही आले तर बघू." गाडी गेली. रोज सकाळी सहाला इथं कोण उभं राहणार, या विचारात हंबीरराव फलकाखाली बराच वेळ उभे होते.

आत सयाजीराव घसा साफ करून म्हणाले, "मग आता? साखरपुडा करायचा का न्हाय?"

सगळ्यांनी हंबीररावांकडं पाहिलं. ते दारातून आत येत होते, त्यांनी गणपतरावांकडं पाहिलं. गणपतरावांनी संयोगिताकडं पाहिलं.

"माझ्याकडं नका बघू," संयोगिता म्हणाली. "तिला इचारा. आतापतोर कुणी इचारलंच न्हाय. मीबी न्हाय."

अनुजा अजून धापा टाकत होती. तिनं राजवर्धनकडं पाहिलं. सकाळपासून त्या पोराच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. साखरपुड्यात नवरदेवाला कुणी काही विचारत नाही. "मी उद्या जाणार," ती त्याला म्हणाली. "दोन वर्सं. आणि आल्यावर सोडणार न्हाय."

राजवर्धन बापाकडं बघायला लागला होता, पण मध्येच त्यानं मान वळवली. "मी थांबतो की," तो म्हणाला.

"तू गप!" सयाजीराव म्हणाले.

"थांबायचं का न्हाय ते तुमचं तुमी घरी जाऊन ठरवा," अनुजा म्हणाली. "आज काय घालून घिणार न्हाय मी." आणि अंगठीची डबी तिनं उचलून नीट, दोन्ही हातांनी, सयाजीरावांच्या पुढ्यात ठेवली. सयाजीरावांना चिडायचं होतं. पण मघाशी आपणच ‘आमची सून’ म्हणून ओरडलो हे सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे त्यांना नक्की कुठून सुरुवात करावी ते कळेना. शेवटी ते जेवायच्या टेबलाकडं गेले. रागानं उपाशी जाणारं घराणं ते नव्हे.

"पयली पंगत पावण्यांची आणि बापय माणसांची," हंबीररावांनी सवयीनं जाहीर केलं. पुरुषमाणसं बसली. संयोगितानं पाण्याचा जग उचलला, वाढायला लागायचं म्हणून.

चिमणाबाई मसालेभाताचं पातेलं घेऊन आली. ती नवऱ्याच्या पुढून गेली, सयाजीरावांच्या पुढून गेली, आणि टेबलाच्या मधोमध बसलेल्या आपल्या लेकासमोर थांबली.

"ऊठ."

"आई, मी आत्ताच बसलोय."

"ऊठ म्हंते न्हवं? अनुजा, ये. हितं बस."

"मोठी आई, पावणं जेवायचं हायत अजून," अनुजा म्हणाली.

"जेवतील की. तुला उद्या जायाचं हाय." चिमणाबाईनं तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. काष्टा घातलेली, घामानं भिजलेली पोरगी पहिल्या पंगतीत बसली. मग अनुजानं हात लांब करून आईच्या हातातला जग काढून घेतला आणि मागं उभ्या असलेल्या राजवीरकडं दिला.

"आई, तू बी बस."

"अगं, वाढायचं..."

"बस."

शेजारची खुर्ची गणपतरावांनी रिकामी केली. संयोगिता खुर्चीच्या कडेला बसली, कुणीतरी उठवील अशा बेतानं. चिमणाबाईनं तिच्या पानात डाव रिकामा केला आणि तिच्याकडं न बघता पुढं गेली. संयोगितानं घास घेतला. भाताची वाफ तिच्या बोटांना लागली. या हॉलमध्ये किती कार्यं झाली आणि किती पंगती तिनं वाढल्या याला गणती नव्हती, पण इथला भात गरम असतो हे तिला आज कळलं.